अभ्यासिकेच्या दारातील मोजणी यंत्र



मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत लिपिक म्हणून रोज शिरूरहून न्हावरामार्गे दौंडला जातो-येतो आणि दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजतो. अशा माणसाने इलेक्ट्रॉनिक्सवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु हे सर्किट मी स्वतः, चार वेळा चुकून, तयार केलेले आहे. जे मला जमले ते आपल्या दहावी-बारावीच्या मुलांना जमणारच.

प्रथम, याची गरज का पडली ते सांगतो. मंडळाच्या बैठकीत प्रश्न निघाला, की अभ्यासिका सायंकाळी सात ते दहा उघडी ठेवावी का? नोंदवहीत रोज दहा-बाराच सह्या असत. तेवढ्या मुलांसाठी विजेचे बिल आणि राखणदाराचे मानधन परवडत नाही, असे काहींचे म्हणणे होते. मी अधूनमधून तेथे बसत असे. मला खुर्च्या याहून जास्त भरलेल्या दिसत. पण बैठकीत "मला वाटते" याला किंमत नसते. आकडा हवा होता.

मोजणीची कल्पना साधी आहे. दाराच्या एका चौकटीवर दिवा आणि समोरच्या चौकटीवर प्रकाश ओळखणारा डोळा बसवायचा. माणूस मधून गेला की प्रकाश तुटतो. तुटलेल्या प्रकाशाची एक नोंद, म्हणजे एक माणूस. (हे शेवटचे वाक्य पूर्ण खरे नाही, ते पुढे येईल.)

डोळा म्हणून एलडीआर वापरला. ही बोराएवढी चकती असते. उजेड पडला की तिचा रोध काही हजार ओहमपर्यंत उतरतो आणि अंधारात लाखांत जातो. एलडीआरचे एक टोक विजेच्या धन बाजूला जोडावे, दुसरे ५५५ या आयसीच्या पिन २ ला. त्याच पिन २ पासून ऋण बाजूपर्यंत ४७ किलोओहमचा प्रिसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रोध, जोडावा. आता विजेचा दाब या दोघांत रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. एलडीआरचा रोध प्रिसेटच्या दुपटीहून वाढला की पिन २ वरचा दाब एकूण दाबाच्या एक-तृतीयांशाहून खाली येतो. ५५५ नेमकी याच क्षणाची वाट पाहत असते. तिचा पिन ३ लगेच वर जातो आणि ठरलेला वेळ वरच राहतो.

हान्स कामेन्झिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये ५५५ ची रचना केली. आज पन्नास वर्षांनंतरही ती काही रुपयांत मिळते. पुण्याच्या तपकीर गल्लीत मागितली तर दुकानदार मान वर न करता पुडी पुढे सरकवतो.

ठरलेला वेळ आपण ठरवायचा. पिन ६ व ७ एकत्र जोडून तेथून धन बाजूला रोध व ऋण बाजूला कंडेन्सर लावावा. रोध गुणिले कंडेन्सर गुणिले १.१ म्हणजे सेकंद. मी प्रथम १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड लावले, म्हणजे १.१ सेकंद झाले. त्यात मागोमाग येणारा दुसरा मुलगा सुटू लागला. मग ४७ किलोओहम लावला, वेळ अर्धा सेकंद झाला. याहून कमी केला तर एकाच माणसाचा हलता हात आणि पाठीवरची पिशवी वेगवेगळी मोजली जाते. कोणी दारातच गप्पा मारत उभा राहिला तर काय, असे एका मुलीने विचारले. प्रश्न चांगला आहे. प्रकाश तुटलेला असेतोवर पिन ३ वरच राहतो, त्यामुळे तो एकच मोजला जातो. राहिलेल्या जोडण्या अशा: पिन १ ऋण, पिन ४ व ८ धन आणि पिन ५ पासून ऋण बाजूला ०.१ मायक्रोफॅरड.

मोजण्याचे काम सीडी ४०२६ करते. तिच्या पिन १ वर दाब खालून वर उठला की ती एक अंक पुढे जाते आणि तो अंक सात रेघांच्या डिस्प्लेवर दाखवते. ५५५ चा पिन ३ येथे पिन १ ला जोडावा. डिस्प्ले कॉमन कॅथोड प्रकारचाच घ्यावा. मी पहिल्यांदा कॉमन अॅनोड आणला आणि एक रविवार फुकट घालवला. त्याच्या ए ते जी या रेघा अनुक्रमे पिन १०, १२, १३, ९, ११, ६ व ७ ला प्रत्येकी एक किलोओहम घालून जोडाव्या. पिन १६ धन, पिन ८ व २ ऋण. पिन १५ ला दहा किलोओहममधून ऋण बाजू द्यावी आणि बटण दाबल्यावर धन बाजू मिळेल असे करावे, म्हणजे आकडा शून्य होतो. वीज सुरू होताच हे बटण दाबलेच पाहिजे, नाहीतर यंत्र कोणत्याही आकड्यापासून सुरू होते. अंक ९ वरून ० होताना पिन ५ वर उठतो. तो दुसऱ्या ४०२६ च्या पिन १ ला दिला की दहम स्थान मिळते आणि तसेच पुढे शतम.

पिन ३ विषयी थोडे सविस्तर. तो धन बाजूस असेल तर आकडा दिसतो, ऋण बाजूस असेल तर डिस्प्ले विझतो, पण मोजणी आत चालूच राहते. म्हणून तेथेही दहा किलोओहम आणि बटण लावले. आकडा पाहायचा तेव्हाच बटण दाबायचे. त्यामुळे वीज वाचते, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना आकडा दिसत नाही. दिसत होता तेव्हा दोन पोरे दारातून सारखी ये-जा करून तो वाढवत बसली होती!

दिव्यासाठी पांढरा एलईडी ६८० ओहम घालून लावला. एलडीआर मात्र आतून काळ्या केलेल्या वीतभर नळीत बसवावा, नाहीतर दुपारचे ऊन थेट त्यावर येते आणि यंत्र आंधळे होते. उंची कमरेएवढी ठेवावी. गुडघ्याच्या उंचीवर दोन पाय दोनदा मोजले जातात.

वीज १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवरून घेतली. पहिल्या आठवड्यात दोनदा वीज गेली आणि दोन्ही दिवसांचा आकडा पुसला गेला. मग सहा पेन्सिल सेल, म्हणजे ९ व्होल्ट, जोडीला दिले. अॅडॅप्टर आणि सेल या दोघांच्या वाटेत एकेक १एन४००७ डायोड घातला. ज्याचा दाब जास्त तो वीज पुरवतो. वीज असताना सेल खर्च होत नाहीत, गेली की आपोआप पुढे येतात.

आता ते अपुरे वाक्य. यंत्र माणसे मोजत नाही, तुटलेला प्रकाश मोजते. दोघे खांद्याला खांदा लावून आले तर एक. पाणी प्यायला गेलेला परत आला तर आणखी दोन. बँकेत व्हाउचर मोजून ग्राहक किती आले ते कळत नाही, तसेच हे. म्हणून एका सायंकाळी दोन मुलांना वही देऊन दारापाशी बसवले, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. त्यांच्या रेघा ७४ झाल्या, यंत्राने ६९ दाखवले. फरक जोडीने येणाऱ्यांचा होता. ताळा पूर्ण जुळला नाही, पण तफावत कशाची ते कळले, आणि हिशेबात तेही पुष्कळ असते.

आत आला की बाहेर गेला हे ओळखायचे तर वीतभर अंतरावर दोन प्रकाशरेषा हव्यात. कोणती आधी तुटली त्यावरून दिशा कळते. दौंडचे एक निवृत्त रेल्वे सिग्नल कर्मचारी मला म्हणाले, "साहेब, आमच्या अॅक्सल काउंटरची हीच युक्ती." रुळाला शेजारी-शेजारी दोन संवेदक असतात. गाडीच्या टप्प्यात शिरताना आस मोजले जातात, बाहेर पडताना पुन्हा मोजले जातात. दोन्ही आकडे जुळले तरच मार्ग मोकळा समजतात. एक डबा जरी मागे सुटला तरी आकडा जुळत नाही आणि सिग्नल मिळत नाही. आत या क्षणी किती आहेत, हे गर्दीच्या ठिकाणीही माहीत असणे किती मोलाचे! २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे २९० माणसे गेली, तेव्हापासून मला कोणत्याही अरुंद वाटेवर हाच प्रश्न पडतो. आपल्या यंत्रात मात्र एकच प्रकाशरेषा आहे. मी आकड्याचे निम्मे करतो.

पंधरा दिवसांचा तक्ता बैठकीत ठेवला. पाणी पिणाऱ्यांची सूट देऊनही रोज तीसच्या वर मुले-मुली येत होत्या. मग वहीत बाराच सह्या का? विचारल्यावर मुलींनीच सांगितले. नोंदवहीत मोबाईल नंबरचा रकाना होता आणि वही दाराशी उघडी पडलेली असे. आपला नंबर कोणाच्याही हाती जावा, हे त्यांना नको होते. म्हणून त्या सहीच करत नव्हत्या. हे यंत्राने सांगितले नाही. पण यंत्राचा आकडा नसता तर कोणी विचारलेही नसते. रकाना त्याच बैठकीत काढला. सायंकाळची वेळ सध्या कायम आहे, सहा महिन्यांनी फेरविचार होणार आहे.

तोवर दुसरी प्रकाशरेषा बसवायची आहे. सोल्डरिंग आणि कथील माझ्याकडे आहे. आयसी थेट डागू नका, बेस लावा; कोरड्या हवेत अंगावरच्या स्थिर विजेने ४०२६ मरते, माझ्या दोन मेल्या. रविवारी सकाळी दहा वाजता मी अभ्यासिकेत असतो. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी यावे, मुलींनी विशेष करून.