उष्णतेला वाट : बदलत्या पात्यांच्या टर्बोचार्जरमधील औष्णिक विरूपण

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना आपल्यापैकी अनेकांनी बालपणी पाहिले असेल. चाकापेक्षा किंचित लहान घडविलेली धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवावयाची, ती वाढली की चाकावर बसवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचे. निवताना धाव आकसते व चाकाला घट्ट आवळते. तापलेला धातू वाढतो आणि निवाला की आकसतो, या नियमाचा तो कुशल उपयोग होता. हाच नियम आजच्या डिझेल इंजिनातील एका लहानशा भागात अभियंत्याची कसोटी पाहतो. त्या भागाचा व तेथील उपायांचा परिचय करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धूरवायूबरोबर बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूने टर्बाइनचे चाक फिरवावयाचे आणि त्याच शाफ्टवरील कॉम्प्रेसरने इंजिनात अधिक हवा भरावयाची, ही टर्बोचार्जरची कल्पना होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युकी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे एक अडचण ध्यानात आली. टर्बाइन लहान ठेवली तर कमी वेगात उत्तम चालते, परंतु अधिक वेगात वायूचा मार्ग कोंडते. मोठी ठेवली तर कमी वेगात आळसावते. यावर उपाय म्हणून चाकाभोवती लहान पात्यांचे वर्तुळ बसविण्यात आले. ही पाती आपापल्या पिनेवर एकाच वेळी वळतात. धूरवायू कमी असता ती मिटतात व अरुंद वाटेने वायूला वेग देतात, वायू वाढला की उघडतात.

पाती वळावयाची तर त्यांच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्या आणि पाती यांच्यात थोडी फट हवी. फट मोठी झाली तर वायू पात्यांना वळसा घालून निसटतो व कार्यक्षमता घटते. ती लहान झाली तर पाती अडकतात. भारलेला ट्रक घाट चढत असता पाती उघड्या स्थितीत अडकली, तर इंजिनाला हवा अपुरी पडून गाडीचा जोर जातो. मिटलेल्या स्थितीत अडकली, तर वेग वाढताच हवेचा दाब आणि टर्बाइनची गती मर्यादा ओलांडू शकते. लहान मोटारीच्या टर्बोचार्जरमध्ये ही गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका किती मोठा आहे ते कळते.

आता थोडे गणित करू. उष्णतारोधक पोलादाचा एक मिलिमीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ०.००००१८ मिलिमीटरने वाढतो. ७० मिलिमीटर व्यासाचे कडे ८०० अंशांनी तापले, तर त्याचा व्यास सुमारे एक मिलिमीटरने वाढेल. १० मिलिमीटर उंचीचे पाते सुमारे ०.१४ मिलिमीटरने वाढेल. फट मात्र साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी ठेवावयाची असते.

तरीही निव्वळ वाढ हा खरा शत्रू नव्हे. सर्व भाग सारखेच तापले व सारखेच वाढले, तर फट जवळपास तशीच राहील. खरी अडचण असमान वाढीची आहे. चालकाने एकाएकी इंजिनावर भार टाकला की पातळ पाती लगेच तापतात, जाड भाग मागे राहतात. दोहोंत २०० अंशांचे अंतर पडले, तर त्या दहा मिलिमीटर उंचीत ०.०३६ मिलिमीटर फट नाहीशी होते. तबकडीची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक तापली, तर ती ताटलीसारखी वाकते. ७० मिलिमीटर व्यासाच्या व ५ मिलिमीटर जाडीच्या मोकळ्या तबकडीच्या दोन बाजूंत केवळ ५० अंशांचे अंतर असले, तरी मध्य व कडा यांत सुमारे ०.११ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे सारी फट संपली! शिवाय बाहेरचे शंखाकृती कवच सर्वत्र सारखे नसते. एका बाजूस ते इंजिनाला बोल्टने जखडलेले, दुसऱ्या बाजूस तेलाने थंड राहणाऱ्या बेअरिंगच्या घराला जोडलेले. त्यामुळे तापल्यावर ते गोल न राहता किंचित लंबगोल होते.

प्रसरण बळाने रोखू पाहिले, तर धातूत प्रचंड ताण निर्माण होतो आणि तापण्या-निवण्याच्या वारंवार आवर्तनांनी तडे जातात. म्हणून सुज्ञ रचनाकार उष्णतेला अडवीत नाही, तिला ठरलेली वाट देतो. पात्यांची यंत्रणा तो कवचाला घट्ट न जखडता एका स्वतंत्र संचात बांधतो. दोन तबकड्यांमधील अंतर बहुधा तीन स्पेसर राखतात, कारण तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू डगमगत नाही. हे स्पेसर व पाती यांचे प्रसरण जुळते ठेवले जाते. संच मध्यभागी नेमका बसविला जातो, परंतु त्याच्या कडेला बाहेर वाढण्यास मोकळीक असते. थाळीच्या आकाराची स्प्रिंग त्याला मागून हळुवार दाबून धरते आणि पिस्टन रिंगसारखी कडी वायूची गळती रोखते. अशा रीतीने कवच वाकडे झाले तरी तो वाकडेपणा पात्यांपर्यंत पोहोचत नाही.

पेट्रोल इंजिनात ही कसोटी अधिक कठोर होते. डिझेलचा धूरवायू साधारणतः ८५० अंशांपर्यंत तापतो, तर पेट्रोलचा १,००० अंशांच्या आसपास जातो. २००६ च्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये ही रचना पेट्रोल इंजिनावर बसविली गेली, ती अशा उष्णतेत टिकणाऱ्या मिश्रधातूंच्या बळावर.

आज संगणकावर वायूचा प्रवाह, धातूचे तापमान आणि विरूपण यांचे एकत्रित गणित मांडता येते. तरीही अखेरचा निर्णय चाचणीच देते. टर्बोचार्जरमधून आळीपाळीने तप्त व थंड वायू सोडून शेकडो आवर्तने केली जातात, मग तो उघडून तडे व झीज तपासली जाते.

वाहन चालविणाऱ्यांसाठीही यात एक धडा आहे. लांबचा घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद करू नये, मिनिटभर संथ चालू द्यावे. त्यामुळे तापलेल्या बेअरिंगमधील तेल जळून कोळसा होत नाही आणि सर्व भाग सावकाश निवतात.

विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते, की प्रसरण गुणांक हा परीक्षेपुरता पाठ करावयाचा आकडा नव्हे. धाव चढविणाऱ्या कारागिराला तो हाताने ठाऊक होता, आपण तो गणिताने जाणू शकतो. या दोन ज्ञानांची जेथे गाठ पडते, तेथे चांगला अभियंता घडतो.