कारखाना झाला कलाघर

सरकारी इमारत बंद पडली की पुढे काय होते, ते आपण पाहतोच. आधी दाराला कुलूप लागते. मग कौले फुटतात. भिंतीतून पिंपळ उगवतो. पोरे दगड मारून काचा फोडतात. येणारा-जाणारा म्हणतो, "पडेल एक दिवस. आपल्याला काय त्याचं?"

पण मंडळी, ती इमारत बांधली कोणाच्या पैशाने? तुमच्या-आमच्याच. मग ती पडली तर नुकसान कोणाचे?

अशीच एक बंद इमारत लोकांनी पुन्हा कामाला लावली. त्याची ही हकीकत. ही इमारत आहे दूर अमेरिकेत. पण तिची गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे.

युद्धासाठी बांधलेली इमारत

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिच्याजवळ पोटोमॅक नदीच्या काठी अलेक्झांड्रिया नावाचे जुने शहर आहे. तेथे आरमाराचा एक कारखाना होता. त्यात टॉर्पेडो बनत. टॉर्पेडो म्हणजे पाणतीर. तो दिसायला लांब नळीसारखा असतो. पाण्याखालून जातो आणि शत्रूचे जहाज फोडतो.

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. आणि या कारखान्याचे बांधकाम सुरू झाले १२ नोव्हेंबरला! युद्ध संपले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रांच्या कारखान्याचे काम निघाले. काही वर्षे तेथे टॉर्पेडो झाले. मग काम थांबले आणि इमारत दारूगोळ्याचे कोठार बनली. दुसऱ्या महायुद्धात यंत्रे पुन्हा धडधडू लागली. १९४५ साली तेही युद्ध संपले. मग सरकारने तेथे आपले सामान भरले. त्यात कागदांचे गठ्ठे होते. संग्रहालयाची, फार जुन्या काळच्या प्राण्यांची हाडेही होती!

१९६९ साली अलेक्झांड्रिया शहराने ही इमारत सरकारकडून विकत घेतली. जागा मोक्याची, नदीकाठची. पण तिचे करायचे काय?

एका बाईंची सूचना

त्या शहरात मॅरियन व्हॅन लँडिंगहॅम नावाच्या चित्रकार बाई होत्या. तेथल्या कलावंतांच्या मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या. मंडळाला जागा हवी होती. इकडे एवढी मोठी इमारत रिकामी. १९७३ साली बाईंनी सूचना मांडली, की ही इमारत कलावंतांना काम करायला द्यावी. शहराच्या कारभाऱ्यांनी ती मान्य केली.

मे १९७४ मध्ये काम सुरू झाले. कलावंत आले, गावातले लोकही आले. त्यांनी झाडले, उपसले, भिंती धुतल्या, रंग दिला. केरकचरा किती निघाला असेल? चाळीस ट्रक! १५ सप्टेंबर १९७४ रोजी इमारत लोकांसाठी उघडली. म्हणजे चार-पाच महिन्यांत काम झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. इमारतीची मोठी दुरुस्ती तेव्हा झाली नाही. ती झाली १९८२-८३ साली, आठ वर्षांनी. तोवर लोकांना इमारतीचा उपयोग पटला होता. आधी झाडू, मग वापर, आणि मोठा खर्च त्यानंतर.

उघडे दार

आज तेथे तीन मजल्यांवर कलावंतांच्या खोल्या आहेत. कोणी चित्र काढतो, कोणी मातीची भांडी घडवतो, कोणी दागिने करतो. खोली फुकट मिळत नाही, भाडे द्यावे लागते. पण पाहायला येणाऱ्याला तिकीट नाही. कोणीही यावे, काम पाहावे, प्रश्न विचारावे, आवडले तर विकत घ्यावे.

यात मोठे शहाणपण आहे. बाजारात नुसते मडके दिसते, त्यामागचे हात दिसत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक म्हणते, "एवढी किंमत कशाची?" चाकावर घडताना जो पाहतो, त्याला किंमत कशाची ते कळते. पोरासोरांना शिकायची गोडी लागते. इमारत सगळ्यांची राहते, चारजणांची होत नाही.

इमारतीच्या दिवाणखान्यात एक हिरवा टॉर्पेडो अजून ठेवला आहे. तो १९४५ साली तेथेच झाला. चाचणीनंतर पाण्यात चटकन सापडावा म्हणून त्याला तो रंग दिला होता. जुन्याची आठवण पुसली नाही आणि नवे कामही अडले नाही.

आपण काय घ्यावे?

आपल्या गावातही एखादी जुनी चावडी किंवा शाळेची खोली ओस पडली असेल. पावसाळ्यात कुंभाराची मडकी वाळत नाहीत. गोधडी शिवणाऱ्या बायांना पसरायला जागा नसते. बुरुडाच्या कामट्या भिजतात. त्यांना असे छप्पर मिळाले तर किती काम होईल!

पण परस्पर कुलूप तोडू नये. आधी इमारत कोणाची, ते ग्रामपंचायतीत विचारावे. ग्रामसभेत विषय मांडावा. ज्याची इमारत त्याची परवानगी लेखी घ्यावी. छप्पर व भिंती जाणत्या माणसाकडून तपासून घ्याव्या. धोका असेल तर आत जाऊ नये. मग सर्वांनी मिळून साफसफाई करावी. थोडे का होईना, भाडे ठेवावे. जमाखर्च भिंतीवर लावावा. किल्ली कोणाकडे राहील, तेही सर्वांदेखत ठरवावे. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा कागद स्वतः वाचा, मगच सही करा.

सांगा पाहू

१. अलेक्झांड्रियाच्या कारखान्यात आधी काय बनत होते?
२. लोकांनी किती ट्रक केरकचरा काढला?
३. पाहायला येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवल्याने कलावंताचा काय फायदा होतो?
४. तुमच्या गावात कोणती इमारत बंद आहे? ती कोणाच्या मालकीची आहे? चौकशी करा आणि वहीत चार ओळी लिहा.