कलाशाखेतून सॉलिसिटरच्या पेढीत

माझा विषय इतिहास. आपल्याकडे वकिलीसाठी एल्‌एल्‌.बी. हवीच, इंग्लंडात मात्र कोणत्याही विषयाच्या पदवीधराला सॉलिसिटर होता येते. सप्टेंबर २०२१ पासूनच्या पद्धतीत एसक्यूईच्या दोन परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. मोठ्या पेढ्या सुटीतल्या उमेदवारीसाठी कायदा न शिकलेले विद्यार्थीही घेतात.

अशा अर्जात ‘मला वाचनाची आवड आहे’ हे वाक्य माझ्या मते फुकट जाते. त्यापेक्षा एकाच घटनेविषयीचे दोन परस्परविरोधी कागद आपण कसे पडताळले, कोणता ग्राह्य धरला आणि का, हे चार ओळींत लिहावे. वकिलाला तरी दुसरे काय करायचे असते? कायद्याचे उसने शब्द पेरू नयेत. कायम उमेदवारी मिळाल्यास पुढील शिक्षणाची फी पुष्कळदा पेढीच भरते.