गोवराची साथ आणि आपले घर

निवासी शाळा म्हणजे अनेक घरांचे मिळून झालेले एक मोठे घर. येथे शंभर मुले एका छताखाली निजतात, एका पंगतीस जेवतात आणि एकाच वर्गात श्वास घेतात. म्हणून एखाद्या घरात शिरलेला साथीचा रोग त्या घरापुरता राहत नाही. सुट्टीवरून परतणाऱ्या मुलाबरोबर तो वसतिगृहात येतो आणि वसतिगृहातून पुन्हा गावोगावी जातो. पालक व विद्यार्थी यांच्या अभ्यासासाठी आम्ही येथे गोवर या एकाच विषाणुजन्य रोगाचा विचार करीत आहोत. गोवर नीट समजला, तर इतर साथींत कसे वागावे हेही बव्हंशी समजते.

गोवर हा बालपणीचा किरकोळ आजार आहे, 'एकदा येऊन गेला की सुटलो', अशी समजूत आजही आढळते. २०२२ सालच्या उत्तरार्धात मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवराची मोठी साथ आली. भिवंडी व मालेगाव येथेही रुग्ण आढळले. काही बालके दगावली. त्यापूर्वीच्या कोरोनाकाळात नियमित लसीकरणात खंड पडला होता आणि लस न मिळालेल्या बालकांची संख्या वाढली होती. साथ आकाशातून पडत नाही. राहून गेलेल्या लसींच्या रूपाने ती आपल्यामध्येच साठत जाते, हा त्या घटनेचा धडा आहे.

रोग कसा पसरतो?

गोवराचा विषाणू रुग्णाच्या खोकल्या-शिंकण्यातून हवेत मिसळतो आणि बंद खोलीत सुमारे २ तासांपर्यंत टिकू शकतो. रुग्ण निघून गेल्यावर त्या खोलीत आलेल्या मुलासही बाधा होऊ शकते, ती यामुळेच. ज्या समूहात कोणालाच प्रतिकारशक्ती नाही, तेथे एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. इतका वेगाने पसरणारा दुसरा रोग क्वचितच सापडेल.

संसर्गानंतर साधारण १० ते १४ दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. प्रथम तीव्र ताप, कोरडा खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. गालाच्या आतील बाजूस बारीक पांढरे ठिपके दिसू शकतात. पुढे तीन ते पाच दिवसांनी कानामागे व कपाळावर तांबूस पुरळ उठते आणि चेहऱ्यावरून अंगभर पसरते. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत रुग्ण इतरांना रोग देतो. 'पुरळ दिसल्यावर पाहू' असे म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून साथीच्या दिवसांत ताप, खोकला व लाल डोळे एवढी चिन्हे दिसताच मुलास वेगळे निजवावे.

दोन मात्रा कशासाठी?

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रूबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान विनामूल्य दिली जाते. 'एक दिली आहे ना, मग दुसरी कशाला?' असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. नवव्या महिन्यात दिलेली एक मात्रा शंभरांपैकी सुमारे ८५ बालकांत प्रतिकारशक्ती निर्माण करते. आईकडून मिळालेली संरक्षक द्रव्ये काही बालकांच्या रक्तात शिल्लक असतात आणि ती लसीच्या कार्यात अडथळा आणतात. उरलेली १५ बालके लस टोचूनही उघडीच राहतात. दुसरी मात्रा मुख्यतः त्यांच्यासाठी असते. परंतु ती १५ कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून दुसरी मात्रा सर्वांनाच द्यावी लागते. साथ रोखण्यासाठी समाजातील सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात, आणि एका मात्रेने ते साधत नाही.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. थोरले मूल वसतिगृहात राहते आणि धाकटे टोळीबरोबर फिरते. दिवाळीनंतर गाव सुटते ते उन्हाळ्यातच पुन्हा दिसते. नेमकी लसीची तारीख याच काळात येते आणि निघून जाते. माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात सोबत न्यावे. जेथे मुक्काम असेल तेथील आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. लस घेण्यासाठी मूळ गावीच परतण्याची गरज नाही. तारीख चुकली तरी मूल ५ वर्षांचे होईपर्यंत राहिलेली मात्रा घेता येते.

घरात रुग्ण असेल तेव्हा

गोवराच्या विषाणूवर नेमके औषध नाही. परंतु उपचार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. गोवराने शरीरातील जीवनसत्त्व 'अ' झपाट्याने घटते आणि डोळ्यांस इजा होऊ शकते. म्हणून वयानुसार ठरलेले जीवनसत्त्व 'अ'चे डोस लागोपाठ दोन दिवस आरोग्य केंद्रातून द्यावेत. त्याने अंधत्वाचा व मृत्यूचा धोका कमी होतो. हे डोस घरी आपल्या मनाने देऊ नयेत.

दारास कडुलिंबाची डहाळी बांधण्याने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते 'औषध देऊ नये', 'फोडणीचे अन्न नको', 'अंगास पाणी लावू नये' या बंधनांनी. आजारी मुलास अधिक पोषणाची गरज असते. त्याला पातळ खिचडी, वरण-भात, केळे थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. जुलाब होत असतील तर जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून पाजावे. अंग कोमट पाण्याने पुसावे, डोळे स्वच्छ ओल्या कापडाने टिपावेत आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

पुढील चिन्हे दिसल्यास मात्र घरी थांबू नये: श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, वर्षाच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक होणे, पिणे बंद होणे, आकडी, सतत गुंगी, डोळ्यातील बुबुळ धुरकट होणे. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया हे बालमृत्यूचे मोठे कारण आहे. पुरळ मावळल्यावरही काही काळ शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण असते. म्हणून पुढील काही आठवडे मुलाच्या आहाराकडे व तापाकडे लक्ष असावे.

रुग्णाच्या सहवासात आलेल्या, लस न घेतलेल्या मुलास ७२ तासांच्या आत लस मिळाल्यास रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. गर्भवतीस मात्र ही लस देत नाहीत. तिने रुग्णापासून दूर राहावे आणि संपर्क आला असल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पालकांस विनंती

घरी कोणास पुरळ उठले असेल, तर मुलास शाळेत परत पाठविण्यापूर्वी आम्हांस कळवावे. मुलाचे नाव पटावरून कमी होईल किंवा गावात बोलबाला होईल, या भीतीने आजार लपवू नये. आठ-पंधरा दिवसांचा बुडालेला अभ्यास आम्ही भरून काढू. तेवढ्यासाठीच शाळा व शिक्षक आहेत. लपविलेल्या तापाने दुसऱ्याच्या लेकराचे जे नुकसान होईल, ते मात्र कोणालाही भरून काढता येणार नाही. आज घरी गेल्यावर धाकट्या मुलाचे कार्ड काढून दुसऱ्या मात्रेपुढे तारीख लिहिलेली आहे का, एवढे पाहावे. ती जागा कोरी असेल, तर आरोग्य केंद्राच्या पुढील लसीकरण दिवशी मुलास अवश्य न्यावे.