रस्त्यावर येण्याआधी काय काय जाते

भाईंदर स्टेशनाबाहेर, काशिमिऱ्याच्या नाक्यावर आणि हायवेलगत पुलाखाली झोपणाऱ्या माणसांसोबत आमचा एक छोटा गट बरीच वर्षे काम करतो आहे. काम बहुतेक कागदांचेच असते. अर्ज भरायचे, दवाखान्यात सोबत जायचे, गावाकडे फोन लावून द्यायचा. त्यातून जे कळत गेले, ते लिहिते आहे.

१. घर जाण्याआधी डिपॉझिट जाते.

मीरा-भाईंदरमध्ये भाड्याची खोली सहसा अकरा महिन्यांच्या करारावर मिळते. मुदत संपली की भाडे वाढते, एजंटाची दलाली पुन्हा द्यावी लागते, सामान हलवायला टेम्पो लागतो. महिन्याचा मेळ कसाबसा बसवणारे घर इथे एकदा अडखळले, की थकलेले भाडे मालक डिपॉझिटमधून कापून घेतो. मग पुढच्या खोलीसाठी हातात काहीच उरत नाही. दरमहा भाडे भरू शकेल असा माणूसही केवळ एकरकमी पैसे नाहीत म्हणून बाहेर पडतो. लोक धरून चालतात की बेघर माणूस म्हणजे काम न करणारा माणूस. आम्हाला भेटलेले बहुतेक जण काम करणारे होते.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने आहेत. तिथे पॉलिशच्या मशिनवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या हाताला जबर दुखापत झाली. मजुरी नगावर, त्यामुळे हात थांबला तशी कमाईही थांबली. पहिल्या महिन्यात उसनवारी, दुसऱ्या महिन्यात बायकोचे मंगळसूत्र, तिसऱ्या महिन्यात डिपॉझिट. बायको-मुले गावी गेली आणि तो इथेच राहिला, कारण गावी पैसे पाठवायचे तर इथेच राहायला हवे. काही दिवस कारखान्यात झोपला, नंतर कारखान्याबाहेर. “ताई, घरी सांगू नका,” एवढेच त्याचे मागणे होते. गावात अजूनही सगळ्यांना वाटते, तो खोलीत राहतो.

आणि ‘हेवी डिपॉझिट’. काही लाख एकदम द्यायचे आणि महिन्याचे भाडे भरायचे नाही, असा हा व्यवहार. भाड्यातून सुटका होते म्हणून लोक दागिने मोडतात, गावची जमीन गहाण टाकतात. पुढे कधी कळते की मालकाने त्या फ्लॅटवर काढलेले कर्ज थकले आहे. बँक ताबा घ्यायला येते, तेव्हा या कुटुंबाच्या हाती नोंदणी नसलेला एक कागद असतो. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो, आणि ती जबाबदारी मालकावर टाकतो. तरीही नोंदणीचा आग्रह धरणाऱ्या भाडेकरूला ‘दुसरी खोली बघा’ असे सांगितले जाते.

२. आपले हे शहरच बाहेर ढकललेल्या माणसांनी वसवले आहे.

इथे मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची गावे होती, काशिमिऱ्याच्या बाजूला वारल्यांचे पाडे होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळमधली कितीतरी कुटुंबे खोली विकून लोकलच्या रुळांवरून उत्तरेकडे सरकत गेली. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर पोचली. तो ढकलणारा जोर अजून थांबलेला नाही. ज्याला परळ परवडले नाही तो भाईंदरला आला, ज्याला भाईंदर परवडत नाही तो नालासोपाऱ्याला जातो, आणि ज्याला तेही परवडत नाही तो फलाटावर. फलाटावरच्या माणसाकडे बघून नाक मुरडणाऱ्या कुणीही आपल्या वडिलांना एकदा विचारावे, आपण इथे कसे आलो.

३. पावसाळ्याआधीच्या नोटिशीने मालक आणि भाडेकरू दोघेही बाहेर पडतात, पण परतायचा हक्क दोघांना सारखा नसतो.

ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारती आता जीर्ण झाल्या आहेत. तीस वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. अहवालात ‘सी-१’ शेरा आला, की इमारत ताबडतोब रिकामी करायची. माणसांचा जीव वाचवायचा तर ते करावेच लागते. पण कित्येक सोसायट्यांच्या नावावर जमीन नाही, काहींकडे भोगवटा प्रमाणपत्र नाही, म्हणून पुनर्विकास वर्षानुवर्षे अडतो. फ्लॅटमालकाचा निदान कागदावर दावा राहतो. त्याच फ्लॅटमध्ये लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याचा दावा त्या दिवशी संपतो. बाहेर पडताना दोघांच्या हातात सारख्याच पिशव्या असतात, म्हणून बघणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

४. माणूस कामाजवळ झोपतो.

नाक्यावरचा बिगारी सकाळी लवकर उभा राहिला नाही, तर त्याचा दिवस गेला. त्याला दूरचा निवारा दाखवून उपयोग नाही. फुटपाथवर राहणारे लोक रोजगारासाठी तिथे राहतात, त्यांना तिथून हटवणे म्हणजे त्यांची उपजीविका हिरावणे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ओल्गा टेलिस खटल्यात मान्य केले. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे ठरले. तरी फुटपाथ रिकामे करण्याचा पालिकेचा अधिकार त्याच निकालाने कायम ठेवला. चाळीस वर्षे हा पेच तिथेच आहे.

५. ‘वेडा आहे’ म्हणण्याआधी त्याची भाषा ओळखा.

स्टेशनाबाहेर एक बाई असायची. ती बडबडते, असे सगळे म्हणत. एका फळवाल्याने कान देऊन ऐकले तेव्हा समजले की ती तेलुगूत आपल्या गावाचे नाव सांगते आहे. आजार तिला होताच. पण आजारामुळे ती रस्त्यावर आली होती, की रस्त्याने तिला आजारी केले, हे शेवटपर्यंत उलगडले नाही. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही खरे असते.

डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले. अशा माणसांना रस्त्यावरून उचलून उपचार करायचे आणि घरी पोचवायचे, हे त्यांचे काम. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारानंतर माणसाला आपले गाव आठवते, घरचे दार उघडते, हे त्यांच्या कामातून कितीदा तरी दिसले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १०० पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकते. भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचे, बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. या कलमाची छापील प्रत मी पर्समध्ये ठेवते. ती दाखवली की पुढचे बोलणे सोपे होते.

६. बायका दिसत नाहीत, म्हणजे त्या नाहीत असे नव्हे.

रात्री झोपणे धोक्याचे, म्हणून त्या रात्रभर बसून काढतात आणि दिवसा देवळाच्या ओट्यावर डोळा लावतात. बऱ्याच जणी नवऱ्याच्या मारातून निघालेल्या असतात. आधी बहिणीकडे, मग मैत्रिणीकडे, मग कुणाकडेच नाही. सामायिक घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने त्यांना दिलेला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. हे त्यांना घर सोडायच्या आधी कुणी सांगितलेले नसते. आम्हाला त्या भेटतात तेव्हा उशीर झालेला असतो, आणि याचे मला फार वाईट वाटते.

७. मोजणीत यायला हवे.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांहून अधिक माणसे नोंदली गेली. त्या रात्री जी बाई कुठे तरी बसून होती, जो कामगार कारखान्याच्या आत झोपला होता, ते त्यात आले असतील असे मला वाटत नाही.

मतदार यादी हा हाताशी असलेला रस्ता आहे. बेघर माणसालाही नाव नोंदवता येते, त्यासाठी राहण्याचा पुरावा लागत नाही. फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो माणूस तिथे झोपतो का, ते बघतो. एकाहून जास्त रात्री यावे, असा नियम आहे.

शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राच्या योजनेने मापही ठरवून दिले होते. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ ची लोकसंख्या धरली तरी आपल्या शहरात आठशे जणांची सोय हवी. नगरसेवक भेटतील तेव्हा त्यांना तीन गोष्टी विचारा. निवारा कुठे आहे, बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी जागा आहे का, आणि रात्री अकराला गेलेल्या माणसाला दार कोण उघडते.