आकाशवाणीचा ध्वनिठेवा आणि गावाची जबाबदारी

दिनांक २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले आणि भारतात नियमित नभोवाणीचे युग सुरू झाले. पुढे १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र कार्यान्वित झाले. हळूहळू आकाशवाणीचा मराठी स्वर खेडोपाडी पोहोचला. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, हवामान, बातम्या, भजने आणि श्रुतिका यांनी ग्रामीण जीवनाचे वेळापत्रकच बदलून टाकले. या कालखंडाचा इतिहास लिहावयाचा तर त्याची साधने कोठे आहेत, हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे.

सर्व काही का टिकले नाही?

आरंभीच्या काळात बहुतेक कार्यक्रम ध्वनिक्षेपकासमोर प्रत्यक्ष सादर होत आणि त्याच क्षणी प्रक्षेपित होत. सादर झालेला शब्द हवेत विरून जाई. चुंबकीय फिती आल्यावर ध्वनिमुद्रण सुलभ झाले, परंतु फीत महाग होती. यास्तव एकदा वापरलेली फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची प्रथा जगभरच्या नभोवाणी केंद्रांत रूढ होती. जे जपावयाचे त्याची निवड करावी लागे. अशा निवडीत थोर गायकांचे गायन आणि राष्ट्रपुरुषांची भाषणे स्वाभाविकपणे पुढे राहिली. एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत किंवा सायंकाळचा कृषिविषयक संवाद मागे पडला.

दीडशे गावांचा प्रयोग

या संदर्भात पुणे केंद्राने १९५६ साली केलेला प्रयोग मुद्दाम आठवावा असा आहे. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषिक जिल्ह्यांत सुमारे १५० गावांतून ग्रामीण श्रोतामंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोन याप्रमाणे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. मंडळाचे सभासद ठरलेल्या वेळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, आणि मंडळाचा कार्यवाह चर्चेचा वृत्तांत व शंका केंद्राकडे पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यामागील सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतामंडळ असलेल्या गावांतील ज्ञानवृद्धी ही मंडळ नसलेल्या गावांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे त्यात दिसून आले. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर राबविण्यात आली.

या प्रयोगाचा अहवाल १९५९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि तो उपलब्ध आहे. परंतु अहवालात निष्कर्ष असतात. चावडीवर कोण काय बोलले, कोणत्या शंकेवर वाद रंगला, दुसऱ्या दिवशी शेतात काय बदलले, हे सांगणारा साक्षीदार गावातच असतो. १९५६ साली वीस वर्षांचा असलेला श्रोता आज नव्वदीच्या घरात आहे. केंद्रात सांभाळलेली फीत आणखी काही वर्षे वाट पाहू शकेल. या साक्षीदारांना तेवढा अवधी नाही.

स्मृती आणि ध्वनिमुद्रण : परस्परपूरक साधने

केवळ स्मृतीवर विसंबणे मात्र योग्य नव्हे. गीतरामायणाचे उदाहरण बोलके आहे. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, सुरू झाली आणि दर आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीते प्रक्षेपित झाली. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे आदी अनेक गायकांचे स्वर त्या मूळ प्रक्षेपणात होते. पुढे फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचल्या. परिणामी आज अनेकांना हाच स्वर मूळ प्रक्षेपणाचा वाटतो. स्मृतीची ही चूक ध्वनिमुद्रणावरून सुधारता येते. उलट, रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत, ही गोष्ट कोणत्याही फितीत सापडणार नाही. ती ऐकणाऱ्यांनीच सांगावयास हवी.

गावपातळीवर काय करता येईल?

पहिले काम कागदपत्रांचे. ग्रामपंचायतीच्या जुन्या जडवस्तू नोंदवहीत सामुदायिक रेडिओ संचाची नोंद, बॅटरीच्या खर्चाची पावती, श्रोतामंडळाची इतिवृत्ते किंवा केंद्राकडून आलेली पत्रे असू शकतात. पूर्वी रेडिओसाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. ती परवानापुस्तके अनेक घरांत आढळतील. मुदतबाह्य अभिलेख नष्ट करण्यापूर्वी ग्रामसेवकांनी अशा कागदांवर एकदा नजर टाकावी.

दुसरे काम मुलाखतींचे. शिक्षकांनी वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ते करावे. ‘जुना रेडिओ आठवतो का?’ असे मोघम विचारू नये. संच कोणाच्या घरी होता, तो कोण लावी, स्त्रिया कोठे बसून ऐकत, ऐकलेल्यापैकी काय करून पाहिले, असे नेमके प्रश्न विचारावेत. साल आठवत नसल्यास ते पानशेतच्या पुरापूर्वी (१२ जुलै १९६१) की नंतर, कोयनेच्या भूकंपापूर्वी (११ डिसेंबर १९६७) की नंतर, असे विचारल्यास कालनिश्चिती सुलभ होते. मुलाखतीसाठी साधा मोबाइल पुरेसा आहे. पंखा बंद ठेवावा, आरंभी तारीख, गाव व सांगणाऱ्याचे नाव उच्चारावे आणि त्यांची संमती घ्यावी.

तिसरे काम जुन्या फितींचे. १९७० व १९८०च्या दशकांत अनेकांनी रेडिओवरील कार्यक्रम घरी कॅसेटवर उतरवून घेतले. केंद्रात न उरलेला कार्यक्रम अशा कॅसेटमध्ये मिळण्याचा संभव असतो. अशी फीत हाती आल्यास ती लगेच वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. पावसाळी दमट हवेमुळे फितीवर पांढरी बुरशी आली असल्यास, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असल्यास किंवा ती चिकट झाली असल्यास जाणकाराकडेच द्यावी. सुस्थितीतील कॅसेटच्या मागील कडेवरील दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. फिती कोरड्या, थंड जागी, उभ्या आणि ध्वनिवर्धकापासून दूर ठेवाव्यात.

संगणकावर प्रत करताना ती वेव्ह स्वरूपात, शक्य तर ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट दर्जाची करावी. अशा एक तासाच्या द्विमार्गी ध्वनिमुद्रणास सुमारे २ गिगाबाइट जागा लागते. तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. प्रत झाल्यावरही मूळ फीत टाकून देऊ नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ अन्वये प्रक्षेपणावरील हक्क २५ वर्षे राहतो, परंतु त्यातील गीत, संगीत व लेखन यांवरील हक्क स्वतंत्र व अधिक काळाचे असतात. म्हणून ध्वनिमुद्रण जतन करणे आणि ते सार्वजनिकरीत्या वितरित करणे यांत भेद करावा, व वितरणापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी.

आकाशवाणीने जे प्रक्षेपित केले त्याची जपणूक केंद्रे त्यांच्या परीने करीत असतात. गावाने काय ऐकले आणि ऐकून काय केले, ही इतिहासाची दुसरी बाजू केवळ गावालाच जपता येईल. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडून, गावातील सर्वांत वयोवृद्ध श्रोत्याच्या घरी एका शिक्षकाने व दोन विद्यार्थ्यांनी जावे. आरंभास एवढे पुरेसे आहे.