माझ्या आधीच्या दिदी

मागच्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. "मॅडम, आमचा मुलगा सुट्टीत तीन आठवडे परदेशात स्वयंसेवक म्हणून जातोय. अनाथ मुलांना शिकवायचं आहे. सर्टिफिकेट मिळतं, पुढे अ‍ॅडमिशनच्या अर्जाला उपयोग होतो. तुम्हीही नेपाळला गेला होतात ना? त्याला दोन शब्द सांगा." फोनवर दोन शब्दांत सांगण्यासारखं ते नव्हतं. मी मायलेकांना संध्याकाळी घरी बोलावलं. असे फोन आता दर उन्हाळ्यात येतात, म्हणून त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

२०१३ साली मी पंचवीस वर्षांची होते. डी.एड. करून कराडजवळच्या एका शाळेत शिकवत होते. काठमांडू खोऱ्यातल्या अनाथ मुलांसाठी स्वयंसेवक हवेत, अशी एका संस्थेची जाहिरात वाचली आणि अर्ज केला. चार आठवड्यांचे चाळीस हजार रुपये भरले. अर्जात माझा रक्तगट विचारला होता, टी-शर्टचं माप विचारलं होतं, शाकाहारी की मांसाहारी तेही विचारलं होतं. मुलांबरोबर काम केल्याचा पुरावा मागितला नाही आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही मागितला नाही. आमच्या छोट्या शाळेत नोकरीला लागताना माझी एकूण एक कागदपत्रं तपासली होती. इथे तर रात्रंदिवस मुलांच्या घरात राहायचं होतं. ज्यांनी मला काही विचारलं नाही, ते कोणालाच काही विचारत नसणार, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

खोऱ्यातल्या ललितपूरच्या एका गल्लीत दुमजली घर होतं. त्यात बावीस मुलं. मी दारात चपला काढत होते तोच सहा-सात वर्षांची एक मुलगी धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. सगळे तिला कान्छी म्हणत. नेपाळीत कान्छी म्हणजे धाकटी. संध्याकाळपर्यंत ती माझ्या मांडीवर झोपलीही. पहिल्याच दिवशी या मुलांनी मला किती जीव लावला, असं मी रात्री डायरीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी फणीने तिचे केस विंचरत असताना तिने विचारलं, "दिदी, कहिले जाने?" म्हणजे कधी जाणार? आवाजात रडू नव्हतं, लाडीगोडी नव्हती. एसटीची वेळ विचारावी तसं विचारलं. मी दिवस सांगितला. मग तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. मागच्या दशैंपासून, म्हणजे मागच्या दसऱ्यापासून, तिच्याकडे अकरा दिदी येऊन गेल्या होत्या. गादीखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात एकीने दिलेला केसांचा चाप, एकीचे खडू, एकीचा फोटो आणि तिला वाचता न येणाऱ्या भाषेतलं एक पत्र. कोणती वस्तू कोणाची, हे तिला चोख माहीत होतं.

शिक्षिका म्हणून मला पहिला धक्का बसला तो वह्या पाहून. एका मुलाच्या वहीत पहिल्या पानावर इंग्रजीतून स्वतःची ओळख, मग रंगांची नावं, मग शरीराचे अवयव. सात-आठ पानांनंतर अक्षर बदललेलं, आणि पुन्हा स्वतःची ओळख, पुन्हा रंग, पुन्हा अवयव. असं पाच वेळा. येणारा प्रत्येक जण पहिला धडा शिकवून गेला होता. दुसऱ्या धड्यापर्यंत कोणी थांबलंच नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्या बाई, ज्यांना आम्ही भान्से दिदी म्हणायचो, त्यांनी सांगितलं की आधी गल्लीतलीच एक शिकलेली मुलगी रोज संध्याकाळी येऊन गणित आणि नेपाळी शिकवायची. पैसे देऊन शिकवायला येणारी माणसं मिळू लागल्यावर तिचा पगार कशाला द्यायचा, म्हणून तिला बंद केलं.

दशैं आला. काठमांडू रिकामं होऊ लागलं, कारण तिथल्या रीतीप्रमाणे या सणात प्रत्येक जण आपल्या घरी जातो आणि वडीलधाऱ्यांच्या हातून दही-तांदळाचा लाल टीका आणि जवाचे कोवळे अंकुर, म्हणजे जमरा, घेतो. आमच्या घरात व्यवस्थापकांनी मुलांना ओळीने बसवून टीका लावला. देणगीदारांना पाठवायला फोटो काढले गेले. कान्छी अंथरुणातून उठलीच नाही. ताप आहे का म्हणून मी कपाळाला हात लावला. भान्से दिदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिची आमा आहे. हुमल्यात आहे. यांच्यातल्या बहुतेकांची आहे." आमा म्हणजे आई.

हुमला हा नेपाळच्या वायव्य टोकाचा डोंगरी जिल्हा. १९९६ ते २००६ या काळात माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यात युद्ध चाललं. बंडखोर मुलांना ओढून नेतील या धास्तीने तिथल्या आईबापांनी मुलं दलालांच्या हवाली केली. काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो, असं सांगून दलाल वर त्यांच्याकडूनच पैसे घेत. युद्ध संपलं तरी ही वाट बंद झाली नाही. कान्छीच्या कागदावर वडील मृत आणि आई बेपत्ता असं लिहिलेलं होतं. आईच्या समजुतीप्रमाणे मुलगी बोर्डिंगात शिकत होती.

मी संस्थेच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "गावात राहून तिला काय मिळालं असतं? इथे पोटभर जेवते, शाळेत जाते." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज ते माझ्याकडे आहे. घर गरीब असेल तर मदत घरी पोचवायची असते; त्यासाठी आईच्या कडेवरून मूल उचलायचं नसतं. माझ्या चाळीस हजारांतून त्या आईपर्यंत एक रुपयाही गेला नव्हता. उलट, ते पैसे येत होते म्हणून घर मुलांनी भरलेलं ठेवावं लागत होतं.

मी निघाले त्या दिवशी कान्छी फाटकापर्यंत आली नाही. जिन्यात बसून मी दिलेली रिबीन डब्यात ठेवत होती. रविवारी पुढची दिदी यायची होती.

घरी आल्यावर मी वाचू लागले आणि जे अनुभवलं त्याचा अर्थ लागत गेला. नेपाळच्या बालगृहांतल्या पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते, असं युनिसेफने त्या काळात सांगितलं होतं. ही बालगृहं गरजेच्या जिल्ह्यांत नसून मुख्यतः काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन अशा जिल्ह्यांत एकवटली होती, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर मुलं पळवली जाण्याचा धोका इतका वाढला की नेपाळ सरकारने पालकांविना मुलांच्या प्रवासावर बंदी घातली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. कंबोडियातही हेच चित्र होतं. तिथल्या बालगृहांतल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील जिवंत होते. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी गुलामगिरीतच मोडते, असं मान्य केलं.

त्या पहिल्या मिठीचा अर्थही मला उशिरा कळला. रुमानियात बुखारेस्टमध्ये २००० साली संशोधकांनी संस्थांत वाढणाऱ्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला आणि त्यातली निम्मी मुलं कुटुंबांत वाढायला दिली. दोन वर्षांची होण्याच्या आत जी कुटुंबात गेली, त्यांची वाढ सर्वांत चांगली सावरली. संस्थांत वाढणारी मुलं अनोळखी माणसालाही पहिल्या भेटीत बिलगतात, हे तज्ज्ञांनी अनेक ठिकाणी नोंदवलं आहे. कायमचं माणूस मिळालं नाही की मूल येईल त्याला धरतं. मी ज्याला जीव लावणं समजले, ती त्या मुलीची दुखरी जागा होती. चार आठवड्यांनी निघून जाऊन मी ती आणखी एकदा दुखावली.

म्हणून त्या मायलेकांना मी पहिली गोष्ट सांगितली, आणि ती बिनशर्त सांगितली: अनाथाश्रमात थोड्या दिवसांचा स्वयंसेवक म्हणून कुठल्याही देशात जाऊ नका. चांगल्या संस्थेतही नको. मुलाला रोज तेच माणूस लागतं, आणि ते माणूस तिथलंच असावं लागतं.

बाकीच्या कामांसाठी मी एक कसोटी वापरते. इथे मला जे करू देणार आहेत, ते माझ्या गावात मला करू देतील का? नेपाळला गेलेल्या आमच्या स्वयंसेवकांच्या तुकडीतला कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तिथल्या आरोग्य शिबिरात गेला होता. त्याच्या हातात रक्तदाबाचं यंत्र दिलं आणि गोळ्यांची पाकिटं वाटायला लावली. कराडच्या कुठल्याही दवाखान्यात त्याला कोणी हे करू दिलं असतं का? एखादा अनोळखी परदेशी माणूस तीन आठवड्यांसाठी आपल्या अंगणवाडीत येऊन आपल्या मुलांना आंघोळी घालू लागला, तर आपण उंबऱ्यातच अडवू. ज्या कामाला आपल्याकडे परवाना किंवा पदवी लागते, ते गरीब देशात त्यांच्याशिवाय करायला मिळतं याचा अर्थ एवढाच की तिथल्या माणसाला विचारायला कोणी नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. पैसे भरण्याआधी संस्थेला हे प्रश्न लेखी पाठवा. माझ्या शुल्कातला किती भाग प्रत्यक्ष गावात जातो? तिथे या कामासाठी पगारी स्थानिक माणूस आहे का, आणि मी आल्याने त्याचं काम जाणार आहे का? मी परत गेल्यावर हे काम कोण पुढे नेईल? तुम्ही माझ्या चारित्र्याची पडताळणी कशी करणार? व्हिसा कोणता लागेल? नेपाळसह कित्येक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करणंसुद्धा बेकायदेशीर आहे, आणि "टुरिस्ट म्हणून या, बाकी आम्ही बघतो" असं म्हणणारी संस्था बाकीच्या बाबतीतही तशीच वागते. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. मी कान्छीबरोबरचा फोटो टाकला होता. तो पाहून माझ्या मामेभावाने त्याच संस्थेची चौकशी केली, तेव्हा मी तो काढला.

जिथे खरी गरज असते तिथे शुल्क मागत नाहीत, तुम्हाला पारखून घेतात. 'मेदसाँ साँ फ्राँतिए' ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्था अनुभवी डॉक्टर आणि परिचारिका निवडते आणि त्यांना पगार देते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम अर्ज आणि मुलाखतीतून माणसं घेतो आणि राहण्या-जेवण्यासाठी भत्ता देतो. हाताशी कौशल्य असेल आणि काही महिने देता येत असतील, तर तिकडे अर्ज करा. मुलांना थेट हात न लावता तिथल्या शिक्षकांना किंवा परिचारिकांना शिकवण्याचं काम मिळालं, तर ते सर्वांत मोलाचं.

आणि विशीतल्या मुलांना केवळ अनुभव हवा असेल, तर त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. कॉलेजात असताना मी आपल्याच राज्यातल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला, म्हणजे तरुणांच्या श्रमदान शिबिराला, गेले होते. मे महिन्याच्या उन्हात आमच्या हातात कुदळ-फावडी दिली. आजारी माणूस किंवा लहान मूल आमच्या ताब्यात दिलं नाही. लहान मुलांची काळजी कोणी घ्यायची, हेही इथेच पाहायला मिळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केलं आणि त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या गावांत नवजात बालमृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ही किमया बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी केलेली नाही. गावातच राहणाऱ्या, उद्याही तिथेच असणाऱ्या हातांनी केली आहे.

त्या मुलाने माझ्यासमोर बसून संस्थेला पाच प्रश्नांची ईमेल लिहिली. उत्तरात शुल्कात सवलत देण्याची तयारी आली, एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. त्याने पैसे भरले नाहीत. तुमच्या घरातही कोणी निघालं असेल, तर आधी हे पाच प्रश्न पाठवा. उत्तरं येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.